पळालेले वस्ताद

बाळोजी वस्ताद तालमीत आलेल्या नव्या माणसाला नाव विचारत नसत, जात विचारत नसत, कोणी धाडलं हेही विचारत नसत. आधी त्याच्या छातीवर आपला उजवा पंजा ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. समोरचा सरदाराचा मुलगा असो की मंडईतला हमाल, त्यालाही तसंच गुमान उभं राहावं लागे. मग डोळे उघडून म्हणत, "वाजतंय. बरं हाय. ज्याचं वाजत न्हाई त्याला हितं काय शिकवू?"

माझ्या छातीवर तो पंजा पडला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दफ्तरात बसून पत्रांच्या नकला करायच्या, मान खाली घालून घरी यायचं आणि मान खाली घालून जेवायचं, असं माझं आयुष्य चाललं होतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं. एकदा सासरे घरी आले, मला खालपासून वरपर्यंत पाहून आईला म्हणाले, "जावई शहाणे आहेत. वारा सुटला की तेवढं त्यांना आत घेत जा." आईला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला आमच्या आळीच्या टोकाला असलेल्या तालमीत पाठवून दिलं.

आमची आळी नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला तालीम, आणि तालमीपाशी आळी संपते. वस्ताद मूळचे बिबवेवाडीचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी फौजेत जाऊन उत्तरेच्या दोन मोहिमा करून आले होते. डाव्या खांद्यावर वार होता, त्यामुळे तो हात डोक्याच्या वर जात नसे. उंचीला बेताचेच, पण उंबऱ्यात उभे राहिले की दार भरून जाई. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. तालमीच्या मागच्या पडवीत एकटे राहत. मला ते शेवटपर्यंत 'कारकून'च म्हणाले. "कारकून, मान वर. भुईवर काई लिवलेलं न्हाई."

पहिला महिनाभर त्यांनी मला फक्त पडायला शिकवलं. पाठीवर पडायचं, कुशीवर पडायचं, उचलून टाकलं तर डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं. मी कंटाळून म्हणालो, "वस्ताद, उभं राहायला कधी शिकवणार?" ते म्हणाले, "त्ये मला बी येत न्हाई. आलं की सांगतो." सगळे हसले. मीही हसलो. वस्ताद तेवढे हसले नाहीत, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तालमीत माझा जोडीदार सखाराम होता. महादेवाच्या देवळातल्या गुरवाचा मुलगा, माझ्याच वयाचा. वडील वारलेले, घरात तो आणि आई, राधाक्का. राधाक्का देवळाला बेल-फुलं पुरवत. आळीच्या मधोमध त्यांचं एकखणी घर होतं आणि समोर एका शिलेदाराची पागा, तिच्या अंगणात कडब्याची उंच गंजी. सखाराम तालमीतला सगळ्यात चांगला गडी. दांडपट्टा फिरवायला लागला की बघणारे मागे सरत. मला रोज चितपट करायचा आणि वर हात देऊन उठवायचा. राधाक्का आम्हाला पाहून म्हणत, "सदू, तुला माती लागते म्हणून माझ्या सखाला अंघोळ करावी लागत नाही बघ."

वस्तादांच्या धैर्याबद्दल पेठेत कोणाला शंका नव्हती. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. वाड्यासमोरच्या मंडईत एक दिवस पोळ, देवाला सोडलेला वळू, उधळला. एका माळिणीची पाटी शिंगावर घेऊन तो गर्दीत शिरला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी एका खांबाला मिठी मारून उभा होतो आणि पाहिलं तर बाळोजी वस्ताद रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात किंचित पुढे करून पोळासमोर उभे. पोळ चार हातांवर येऊन थांबला. फुरफुरला, मान हलवली आणि बाजूच्या मेथीच्या ढिगात तोंड घालून खायला लागला. लोकांनी वस्तादांना उचलायचंच बाकी ठेवलं. कोणी विचारलं, "वस्ताद, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाटली की. पाय हलंनात, म्हनून हुबा ऱ्हायलो." पुन्हा सगळे हसले. मोठा माणूस आपला मोठेपणा असाच झाकतो, असं आम्ही समजलो. तो माणूस अक्षरशः खरं सांगत होता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

भीतीबद्दल ते असंच मोकळं बोलत. एका सरदाराचा धाकटा मुलगा काही दिवस तालमीत येत होता. तो एकदा म्हणाला, "आमच्या घराण्यात भीती कोणाला ठाऊक नाही." वस्ताद त्याच्या पायाला तेल लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, "भूक, झोप आन भ्या, ही तिघं समद्यांच्या घरात ऱ्हात्यात, धाकलं सरकार. वाड्यात जागा जास्त, म्हनून दिसत न्हाईत." आणखी एक वाक्य ते पुन्हापुन्हा म्हणत: "अंगाला आपलं म्हनू नगा. येळ आली की त्ये आपलं ऐकत न्हाई." आम्ही हे ऐकत होतो, पण घाम पुसत, हसत आणि दुसरीकडे बघत.

मग ते वर्ष आलं. पुण्यावर शत्रूची फौज येत असल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत शहर ओस पडायला लागलं. ज्यांच्याकडे गाड्या-घोडी होती ते सिंहगडाकडे, पुरंदराकडे गेले. आमच्या आळीत गाडी नव्हती, म्हातारी माणसं होती, दोन बाळंतिणी होत्या. माझी बायको सासवडला माहेरी होती, तेवढंच बरं. आळीतले वडीलधारे नाना, पंचाहत्तरीचे, त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि ठरलं की बायका, पोरं आणि म्हातारे तालमीत बसतील, दार आतून लावतील, आणि आम्ही तालमीतले अकरा गडी आळीच्या तोंडाशी उभे राहू. पुढे वस्ताद.

राधाक्का तालमीत यायला तयार झाल्या नाहीत. "घर सोडून मी कुठेही येणार नाही," एवढंच म्हणाल्या. सखारामने समजावलं, नानांनी समजावलं. शेवटी सखाराम चिडून म्हणाला, "मग दार लावून घे. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

सकाळची वेळ होती. ऊन चांगलं वर आलं होतं. आळीच्या तोंडाशी आम्ही लाकडं आणि एक मोडकं चाक आडवं टाकलं होतं. माझ्या हातात तलवार होती आणि ती मला ओल्या धोतरासारखी जड वाटत होती. घोड्यांच्या टापांचा आवाज मला आधी पोटात ऐकू आला, मग कानात. वीसेक घोडेस्वार रस्त्याने वळले.

पुढचं मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं. मी पळालो. पळायचं ठरवलं नव्हतं. मी तिथे उभा होतो आणि मग बाजूच्या पडक्या भिंतीवर होतो, मधलं काहीच मला आठवत नाही. तलवार कुठे पडली ते ठाऊक नाही. भिंतीवरून उडी टाकण्याआधी मी एकदा मागे पाहिलं. सगळे अजून जागेवर होते. वस्ताद मान वळवून माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. रस्त्यावर ओळखीचा माणूस भेटावा तसं ते बघत होते. मी परसात उडी मारली आणि गोवऱ्यांच्या ढिगामागे तोंड खुपसून पडून राहिलो. बाहेर ओरडा झाला, काही फुटलं, घोडी खिंकाळली, कोणीतरी धावत गेलं. मी कानांत बोटं घातली.

सगळं शांत झाल्यावर, बऱ्याच वेळाने, मी बाहेर आलो. आळीच्या तोंडाशी माणसं जमली होती. मधोमध सखाराम पडला होता. उजव्या हातात पट्टा, मानेवर आणि पाठीवर वार. मी त्याच्याकडे बघत राहिलो. रोज मला हात देऊन उठवणारा तो, आणि मला वाटत होतं आता हा उठेल, अंग झटकेल. माझ्या मनाला दुसरं काही सुचतच नव्हतं. एवढं मात्र दिसलं की त्याच्याखालची माती कोरडी होती. दिसलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

त्याच्या उशाशी वस्ताद उभे होते. त्यांच्या केसांत, मिशांत, खांद्यावर कडब्याच्या काड्या होत्या. बाकीचे गडी एकेक करून कुठून कुठून येत होते. कोणाच्या अंगाला शेण, कोणाच्या धोतराला काटे. जो तो म्हणत होता, "मी त्या बाजूला होतो."

वस्ताद मोठ्याने म्हणाले, "आळीनं ऐका. घोडी आली तवा म्या पळालो. हत्यार टाकून पळालो आन गंजीत लपलो. सखाराम हुबा ऱ्हायला. त्यो नडला म्हनून ती तालमीपतूर गेली न्हाईत, दोन घरं लुटून माघारी फिरली."

पोळासमोर उभा राहिलेला माणूस हे सांगत होता. नाना तालमीतून काठी टेकत आले होते. त्यांनी विचारलं, "वस्ताद, आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं मला काय ठावं? म्या पळत व्हतो. पळनाऱ्याला पाठ असती, डोळं नसत्यात."

हे बोलताना त्यांची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही. आणि त्या क्षणी मला काय वाटलं तेही सांगतो. मला बरं वाटलं. शेजारी माझा मित्र मरून पडला होता आणि मला बरं वाटलं. आसपास पाहिलं तर प्रत्येकाचे खांदे जरा सैल झाले होते. मग आरडाओरडा सुरू झाला. कोणी वस्तादांच्या अंगावर थुंकलं. नेमके जे काट्यांतून आले होते ते सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण माझा आवाज त्यात होता.

तेवढ्यात राधाक्का आल्या. गर्दी बाजूला झाली. आता ही बाई ह्या माणसाचं काय करील म्हणून सगळे बघायला लागले. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. तांब्या वस्तादांपुढे धरला आणि म्हणाल्या, "घ्या." वस्तादांनी ओंजळ धरली, त्या पाणी ओतत राहिल्या, ते पीत राहिले. मग त्या खाली बसल्या आणि सखारामचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्यामागे कोणीतरी कुजबुजलं, "गेलं हिचं डोकं."

शहर हळूहळू पुन्हा भरलं. सखाराम जिथे सापडला तिथे आळीने एक दगड बसवला, त्याला शेंदूर लावला. नवी जोडपी त्याच्या पाया पडायला लागली, आया पोरांना त्याची गोष्ट सांगायला लागल्या. तालमीवर दुसरे वस्ताद नेमले गेले. बाळोजी वस्तादांना कोणी हाकललं नाही, कारण त्यांच्याशी कोणी बोलतच नव्हतं. ते मागच्या पडवीत राहिले. कुस्तीच्या हौद्यातली माती उकरून, पाणी शिंपून मऊ ठेवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. त्यांच्याच हातची पोरं त्या मातीवर खेळत आणि ते कोपऱ्यात फावडं धरून बसलेले असत. रस्त्याने निघाले की आमचे पुणेकर आवाज देत, "वस्ताद, गंजी मोकळी आहे हो." कोणी म्हणे, "वस्ताद, केसांत काही राहिलंय बघा." ते खरोखरच केसांतून हात फिरवत आणि पुढे जात.

नानांनी एकदा त्यांना सुचवलं, "बिबवेवाडीला पुतण्या आहे ना आपला? आपण तिकडे का जात नाही?" वस्ताद म्हणाले, "गेलो तर म्हनशीला पुन्यांदा पळाला."

आळीला सगळ्यात राग येई तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. रोज सकाळी वस्ताद राधाक्कांच्या दारात जाऊन उभे राहत आणि हाक मारत, "अक्का, म्या हाय. दार उघडा." कधी एकदा, कधी पाच-सहा वेळा. मग दार उघडे. राधाक्का त्यांच्या हातात भाकरी देत आणि ते निघून जात. ज्या माईचा मुलगा आपल्यामुळे गेला तिच्याच दारात हा माणूस रोज भाकरी मागतो, ह्या निलाजरेपणाने लोक थक्क होत. मीही होत असे.

एकदा तालमीत दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "वस्ताद, तुम्ही मला भिंतीवर पाहिलं होतं. सांगितलं का नाही?"

ते माती उकरत होते. म्हणाले, "कारकून, तू पळालास का तुजं पाय पळालं?"

"त्यात फरक काय?"

"फरक हाय. पाय पळालं तर मानूस तितंच मागं ऱ्हातो. मग जलमभर पायास्नी हाका मारीत बसतो."

मी म्हणालो, "मला आळीत सांगायचंय."

त्यांनी फावडं थांबवलं. "आत्ता नगं. तू सांगशील, मग दुसरा सांगंल, मग तिसरा. मग त्या दगडापाशी कोन जाईल?"

मला ते बोलणं नीट कळलं नाही. पण 'आत्ता नगं' एवढं कळलं, आणि तेवढंच मला हवं होतं. मी नऊ वर्षं गप्प राहिलो. दगडाला रोज हात जोडत राहिलो. तो उभा राहिला आणि मी पळालो, ह्या दोन वाक्यांचं ओझं घेऊन मी दफ्तरात जात होतो, पोरांचा बाप झालो होतो.

नवव्या वर्षी थंडीत वस्ताद तापाने पडले. दोन दिवस त्यांनी कोणाला कळू दिलं नाही, आणि तशा तापातही सकाळी उठून राधाक्कांच्या दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी नवे वस्ताद मला बोलवायला आले. पडवीत गेलो तर सगळं संपलं होतं. अंगावर घोंगडी होती आणि पायात जोडा. उठून निघायच्या बेतात असावेत.

बिबवेवाडीला पुतण्याकडे माणूस धाडला. मग राधाक्कांना सांगायला मी गेलो. सूर्य माथ्याकडे चढला होता तरी त्यांचं दार बंद होतं. मी हाक मारली, "राधाक्का, मी सदू. दार उघडा." आतून काही आवाज आला नाही. मी पुन्हा हाक मारली. चौथ्या हाकेला आत लाकूड सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता.

"गेले ना?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. आणि मग, त्या दारात उभ्या उभ्या, नऊ वर्षं गिळलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "राधाक्का, त्या दिवशी वस्तादांच्या आधी मी पळालो होतो. सगळ्यांत आधी. सखाराम उभा होता आणि मी..."

"सखाराम उभा नव्हता," राधाक्का म्हणाल्या. "आत ये."

मी आत गेलो. त्यांनी मला बसवलं आणि स्वतः दाराला टेकून बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"तुम्ही सगळे पळालात. तोही पळाला. घराकडे पळत आला. दारावर दोन्ही हात मारले. म्हणाला, आई, मी आहे, दार उघड. आवाज त्याचाच होता. मी ओळखला. नाही ओळखला असं मी कधी कोणाला सांगणार नाही. मी अडसराला हात लावले होते, सदू. दोन्ही हात लावले होते. ते उचलले गेले नाहीत. मागून घोडी येत होती. त्याने तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मारली नाही."

मला वाटतं मी काहीतरी बोललो असेन. त्यांनी ते ऐकलं नाही.

"टापा लांब गेल्यावर माझे हात हलले. दार उघडलं तर तो उंबऱ्यावरच होता. समोरच्या गंजीतून वस्ताद बाहेर आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्याला वाचवायला बाहेर यावं तर त्यांचेही पाय उठले नव्हते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मध्ये सखा. मग ते म्हणाले, अक्का, तुमी आत व्हता, तुमास्नी काई ऐकू आलं न्हाई. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, त्याचा गळून पडलेला पट्टा उचलला. मी विचारलं, कुठे नेता? म्हणाले, त्याच्या जाग्यावर. मग मी उंबरा धुतला."

कोरडी माती. मी ती पाहिली होती. नऊ वर्षं मी तिच्यावर बसवलेल्या दगडाला हात जोडत होतो. समोर बसलेल्या बाईकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

"मी त्यांना म्हटलं होतं," राधाक्का पुढे म्हणाल्या, "की मी सांगते सगळ्यांना. लोक तुमच्यावर थुंकतात ते मला बघवत नाही. तर म्हणाले, सांगून काय व्हनार? पोरगं पळपुटं ठरंल आन आई कसाई. माजं काय, म्या तर खरंच पळालो. खोटं कुठं बोलतोय?"

"आणि भाकरी?"

"कसली भाकरी! मला दार उघडता येत नव्हतं. सखा गेला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. सकाळी अडसराला हात लावला की हात दगड व्हायचे. दोन दिवस मी आतच राहिले. मग त्यांची हाक आली, अक्का, म्या हाय, दार उघडा. हाका मारत राहिले, हात हलेपर्यंत. त्या दिवसापासून रोज. त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून भाकरी द्यायची मी."

पेठेतला सगळ्यात निलाजरा माणूस म्हणून आम्ही ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो रोज सकाळी तिथे काय करत होता, ते मी असं ऐकलं.

राधाक्का उठल्या. दारामागचा अडसर त्यांनी दोन्ही हातांनी भिंतीतल्या खाचेतून ओढून काढला. मनगटाएवढ्या जाडीचा, जुन्या सागाचा. माझ्यापुढे धरला. "हा घेऊन जा. त्यांच्याबरोबर जाऊ दे. घरात राहिला तर मी दार लावीन, आणि लावलं तर आता उघडणार कोण?"

"लोक विचारतील."

"तुझं तू सांग. माझं आणि सखाचं मी गेल्यावर सांग."

त्यानंतर चार वर्षं राधाक्का अडसर नसलेल्या घरात राहिल्या. त्या गेल्या, त्यांच्यामागे दुखावेल असं कोणी उरलं नाही, म्हणून आज हे सांगतो आहे.

वस्तादांना खांदा द्यायला पुतण्या, मी, नवे वस्ताद आणि पागेत घोडी सांभाळणारा एक मोतद्दार, एवढेच होतो. पण नदीवर पोहोचलो तर आळीतले बरेच जण येऊन उभे होते. का आले होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नाना आले होते, दोघांनी धरून आणलेले. चिता रचून झाली. पुतण्या अग्नी द्यायला पुढे झाला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि तो अडसर वस्तादांच्या छातीशी ठेवला.

नानांनी विचारलं, "हे कोणाच्या घरचं लाकूड?"

"राधाक्कांनी दिलंय."

"राधाक्कांनी? ह्यांना?" नाना म्हणाले. मागे कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी वस्तादांच्या आधी मी पळालो होतो. पडक्या भिंतीवरून. वस्तादांनी मला पाहिलं होतं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं नाही."

कोणी शिवी दिली नाही. त्या दिवशी ज्यांच्या धोतराला काटे होते त्यांतले पाच जण तिथे होते. एकाने मान फिरवून नदीकडे पाहिलं. एक जण खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नानांनी हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही.

पुतण्याने अग्नी दिला. बाकीची लाकडं भराभर पेटली. साग जुना होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचं तेल प्यालेला, तो पेटायला फार वेळ लागला. तो पेटेपर्यंत एकही माणूस घरी गेला नाही.